सतरा नंबरची बरणी

उशीर केलास, पोरी.
बूट राहू दे पायात, फरशी गार आहे.

हो, तेकले बोदावेली.
कुतैसीला तिचा लेख सापडला म्हणतेस,
अकरा पानांचा, द्राक्षशेती संस्थेच्या वार्षिकात,
वेलीवरची कीड आणि पिंपांचे भाव यांच्या मधोमध.
आम्ही तिला नुसतं मातीवाली म्हणायचो.
मी? मी बाटल्या धुणारा, गिगोला.
लिहून घे. नाही घेतलंस तरी चालेल.

ती तेलावीजवळची. बाप क्वेव्री घडवायचा,
पुरुषभर उंचीचे रांजण, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले.
वाइन त्यातच जन्मते, त्यातच मुरते.
धुवायला आत उतरावं लागतं,
आणि तोंड एवढंसं, म्हणून पोरं उतरवतात.
सहा वर्षांची तेकले, हातात चेरीच्या सालीचा कुंचा,
वर आभाळाची एक थाळी.
म्हणायची, तिथेच मला पहिल्यांदा वाटलं
की भिंत श्वास घेतेय.
हे तिने लेखात लिहिलेलं नाही.

लेखातलं मला कळलं ते एवढंच:
माती म्हणजे पापुद्र्यावर पापुद्रा.
खालच्यात चूक असली की वरचा तीच गिरवतो,
पाटीवर गिरवणाऱ्या पोरासारखा,
आणि हजार चुकांतली एखादी
पाण्याला पुरून उरते.
तिचाच वंश चालतो.
जीव नंतर आला, म्हणायची, भाडेकरूसारखा.
घर आधीपासून चुकत चुकत वाढतच होतं.
मी विचारलं, मग देव?
ती म्हणाली, गिगोला, सात नंबरचं झाकण नीट बसव.

खिडकीत त्रेचाळीस बरण्या.
अलाझानीचा गाळ, गंधकाचं पाणी, लोखंडाचा कीस.
प्रत्येकीवर नंबर आणि तिच्या अक्षरात शेरा:
नऊ, नाही. दहा, नाही. अकरा, अजिबात नाही.
बावीस, डिसेंबरात बघू.
सतरावर होतं: कदाचित.

अठ्ठेचाळीसच्या शरदात मॉस्कोहून कागद आला.
कुणी ओरडलं नाही. संचालक नासपती सोलत होते,
सोलता सोलताच म्हणाले,
बोदावेली उद्यापासून कोठारात, बुचं मोजायला,
आणि ती खिडकी रिकामी करा.
करा म्हणजे कुणी?
बंद कर ते यंत्र.
बरं, राहू दे चालू.
मीच धुतल्या, पोरी.
सोडा, उकळतं पाणी, घोड्याच्या केसांचा ब्रश.
माझं काम चोख. माझ्या हातच्या काचेवर
कुणाला ठिपका दिसलेला नाही.
ती दारात उभी होती, कोट घालून.
म्हणाली, गळ्याशी जोर लाव, तिथे चिकटून राहतं.

चोवीस वर्षं बुचं मोजली तिने.
गेली तेव्हा हिशेबात एक चूक नव्हती.
संस्थेने पुष्पचक्र पाठवलं,
त्यावर मात्र नाव चुकलं होतं.

सतरा? हं.
धुतल्या बेचाळीस, नोंदवल्या त्रेचाळीस.
सतरा मी कोटाखालून घरी आणली,
कपाटावर ठेवली, बायकोला सांगितलं नाही.
सांगायला हवं होतं.
एका वर्षी मी द्राक्षतोडीला गेलो, आणि दारिकोला
जोंजोलीच्या लोणच्याला बरणी कमी पडली.
आत चिखल दिसला तिला.
टोमॅटोच्या वाफ्यात ओतला, बरणी राखेने घासली.
तिला मी काय बोलणार? मी?

वाफा मागे आहे, बघायचा तर बघ.
टोमॅटो चारचौघांसारखेच येतात.
आणि बरणी ही. लेबल निघालं नाही,
दारिकोने नखाने खरवडलं तरी.
पहिलं अक्षर गेलंय, पुढचं वाच.

थांब, जोंजोली खाऊन जा.
यंदा जरा लवकर फसफसलीय.